न दिसणारी आगगाडी

जुन्या काळात घडणारे गुन्हेगारीपट मी आवडीने बघतो, आणि बघताना मनात थोडी कुरकुर चालूच असते. हॅट, ओव्हरकोट, लांब नाकाच्या काळ्या मोटारी, दिव्याखाली रेंगाळणारा सिगारेटचा धूर. पडद्यावर माणूस मारला जात असतो आणि आपण त्याच्या कोटाची शिलाई न्याहाळत असतो. आजच्या काळातला खून पडद्यावर पाहिला की पोटात ढवळतं. तोच खून सत्तर-ऐंशी वर्षं मागे नेऊन ठेवला की त्याला रुबाब येतो, मारणाऱ्यालाही आणि मरणाऱ्यालाही. दिग्दर्शकांना हे पक्कं ठाऊक असतं. आपल्यालाही असतं, फक्त आपण ते बोलून दाखवत नाही.

म्हणून असे चित्रपट बघताना मी हल्ली डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भरवसा ठेवतो. कपडेपट, नेपथ्य, प्रकाशयोजना ही सगळी मंडळी आपल्याला त्या काळाच्या प्रेमात पाडायच्या कामाला लागलेली असतात. आवाजाला नटवणं तितकं सोपं नसतं. लोखंडावर लोखंड घासलं की ते १९४६ साली कानाला जसं टोचायचं तसंच आजही टोचतं. चित्र भुरळ घालतं आणि आवाज साक्ष देतो, असं माझं म्हणणं आहे, आणि ते एका प्रसंगाच्या जोरावर आहे. प्रसंग इतका गाजलेला आहे की त्यावर पुन्हा लिहायला जरा निर्लज्जपणाच हवा. फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या १९७२ सालच्या 'द गॉडफादर'मधला, रेस्टॉरंटमधला दुहेरी खून.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साल १९४६. न्यूयॉर्कच्या माफिया घराण्याचा प्रमुख विटो कॉर्लिओनी याच्यावर गोळीबार झालाय, तो इस्पितळात आहे. गोळीबारामागे सोलोझो हा अमली पदार्थांचा व्यापारी आहे आणि त्याने मॅक्लस्की नावाचा पोलीस कॅप्टन खिशात टाकलाय. विटोचा धाकटा मुलगा मायकल महायुद्धातून नाव कमावून परतलेला, घरच्या धंद्यापासून मुद्दाम लांब राहिलेला. इस्पितळाच्या दारात या मॅक्लस्कीने त्याचा जबडा फोडलाय. आता हे दोघं मायकलला तहाच्या बोलणीसाठी ब्राँक्समधल्या एका छोट्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये नेतात. त्याची झडती होणार, तेव्हा पिस्तूल आधीच तिथल्या संडासाच्या टाकीमागे चिकटवून ठेवलंय. मायकलने जायचं, ते काढायचं, बाहेर यायचं आणि दोघांना संपवायचं. आत जाणारा मुलगा आणि बाहेर पडणारा माणूस एक नसणार, हे सगळ्यांना कळतं. मला कुतूहल आहे ते हे कसं कळतं याचं.

पॅरामाउंट स्टुडिओला ही गोष्ट जुन्या काळात नकोच होती. ती तेव्हाच्या वर्तमानात, म्हणजे सत्तरीच्या सुरुवातीला घडावी असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यामागे पैशाचा सरळ हिशेब होता. जुन्या मोटारी आणा, दुकानांच्या पाट्या बदला, शेकडो लोकांच्या अंगावर जुने कपडे चढवा, हा खर्च कुणी करायचा? कोपोला अडून बसला आणि काळ राहिला. मला तो हट्ट केवळ नजाकतीसाठी केलेला वाटत नाही. हा मुलगा नुकताच युद्धावरून आलाय. माणसं मारण्याचं शिक्षण त्याला सरकारी खर्चाने मिळालंय आणि त्याबद्दल त्याचा गौरवही झालाय. मी त्या दोघांना मारतो, असं मायकल घरात पहिल्यांदा म्हणतो तेव्हा थोरला भाऊ सनी त्याची टर उडवतो. हे काही सैन्य नव्हे, मैलभरावरून गोळ्या झाडायला. इथे अगदी अंगाला खेटून मारावं लागतं, असा त्याचा टोमणा असतो. ही सगळी जुळणी महायुद्धाच्या सावलीतच शक्य आहे. सनीच्या टोमण्यात पुढच्या प्रसंगाची मापंही दडलीयत. टेबलाच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, फार तर हातभर अंतर.

आता चित्राकडे येतो. छायालेखक गॉर्डन विलिस. या माणसाने प्रकाश वरून टाकला, नाकासमोरून नव्हे. सुरुवातीचं कारण अगदी व्यवहारी होतं. विटो झालेला मार्लन ब्रँडो तेव्हा पन्नाशीच्याही अलीकडे होता आणि त्याला म्हातारा करण्यासाठी डिक स्मिथने केलेली रंगभूषा वरून येणाऱ्या प्रकाशात जास्त पटायची. मग तीच पद्धत विलिसने चित्रपटभर पसरवली. वरून दिवा असला की कपाळ उजळतं आणि डोळ्यांच्या खोबणी अंधारात जातात. विटोच्या अभ्यासिकेत ब्रँडोचे डोळे कितीतरी वेळ दिसतच नाहीत. नटाचे डोळे दिसायलाच हवेत हा हॉलिवूडचा तेव्हाचा पहिला धडा. तो धडाच इथे फाडून टाकला होता. स्टुडिओतले साहेब अस्वस्थ झाले. विलिसने त्यांच्यासाठी वाटही ठेवली नव्हती. निगेटिव्हवर प्रकाश इतका मोजून-मापून कमी पडू दिला होता की पुढे प्रयोगशाळेत कुणी प्रिंट उजळ करायला गेलं तर चित्रच फिकं पडून जाईल. आपल्या अंधाराला कुणी हात लावू नये याची त्याने केलेली ती तजवीज होती. त्याला 'अंधाराचा राजपुत्र' हे टोपणनाव दिलं ते कॉनराड हॉल या दुसऱ्या मोठ्या छायालेखकाने. या कामासाठी विलिसला ऑस्करचं साधं नामांकनही मिळालं नाही. मानद ऑस्कर आलं ते थेट २००९ साली.

शिवाय तो रंग. पितळी, मधाळ, जुन्या फोटोवर चढतो तसला पिवळा. त्या चित्रपटानंतर या पिवळ्याची इतकी नक्कल झाली की जुना काळ दाखवायचा म्हणजे सगळं पिवळं-तपकिरी करायचं, हा जणू कायदाच होऊन बसला. विलिसने तो रंग वापरला तेव्हा ती निवड होती. आता ती सवय झालीय. आणि माझ्या कुरकुरीचं मूळ या रंगातच आहे. तो रंग प्रत्येक गोष्टीला माफ करून टाकतो. त्यात बुडालेला माणूस आपोआप आठवणीतला होतो, आणि आठवणीतल्या माणसाचे गुन्हे आपण कुठे मोजतो?

रेस्टॉरंटचं दृश्य मात्र या हिशेबात जरा वेगळं आहे. अभ्यासिकेइतका अंधार इथे नाही. पांढरे टेबलक्लॉथ आहेत, दुरून बसलेली मोजकी गिऱ्हाइकं आहेत, उजेड रोजच्या वापरातला आहे. ज्या चित्रपटाने डोळे लपवण्याचा असा थाट केला, तो इथे मायकलचे डोळे स्वच्छ दाखवतो. आणि ते दाखवून काहीच कळू देत नाही. मायकल झालेल्या अल पचिनोचे डोळे इकडून तिकडे सरकतात, सोलोझोवर येतात, त्याच्या आरपार जातात, पुन्हा परततात. त्यात भीती आहे, राग आहे, की नुसती आकडेमोड? दहा जणांना विचारलं तर दहा उत्तरं येतील. म्हणजे दिसण्याची बाजू दिग्दर्शकाने पूर्ण उघडी ठेवली आणि तरी आत शिरायला वाट दिली नाही. वाट आहे ती कानातून.

पण त्याआधी कॅमेऱ्याबद्दल एक गोष्ट. कोपोला आणि विलिस यांनी ठरवलं होतं की या चित्रपटात कॅमेऱ्याच्या कसरती करायच्या नाहीत. हेलिकॉप्टरमधले शॉट नाहीत, झूमची चमत्कृती नाही. कॅमेरा माणसाच्या नजरेच्या उंचीवर स्थिर ठेवायचा, नटांनी चौकटीत यायचं, चौकटीतून जायचं. अशी शिस्त पाळली की एक फायदा होतो. कॅमेरा जरा जरी हलला तरी प्रेक्षकाच्या अंगावर येतो. सतत फिरणाऱ्या कॅमेऱ्याची चाल कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आता आवाज. आणि इथे खुनाच्या आधीच्या एका प्रसंगात जायला हवं, कारण ध्वनीची खरी पेरणी तिथे झालीय. विटोच्या टोळीतला जुना जाणता क्लेमेंझा मायकलला पिस्तूल कसं वापरायचं ते शिकवतोय. चाप आणि मूठ यांवर खास पट्टी गुंडाळलीय, बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून. मायकल एक गोळी झाडून बघतो आणि कानठळ्या बसून कळवळतो. क्लेमेंझा शांतपणे सांगतो की आवाज मुद्दामच तेवढा ठेवलाय, म्हणजे आसपासचे लोक घाबरून लांब राहतील. मला ही ओळ त्या सगळ्या पटकथेतली सर्वांत हुशार ओळ वाटते. प्रेक्षकाला दोन गोष्टी कळल्या. एक, आवाज हेही इथे हत्यार आहे. दोन, मायकलचे कान अजून या जगाला सरावलेले नाहीत. मग क्लेमेंझा सूचना देतो: संडासातून बाहेर आलास की बसू नकोस, थेट गोळ्या घाल, प्रत्येकाच्या डोक्यात दोन. नंतर हात खाली सोड, पिस्तूल अलगद निसटू दे. झपाझप चाल पण पळू नकोस. कुणाच्या डोळ्यांत बघू नकोस, नजर चुकवूही नकोस. हे आपण ऐकून ठेवतो. पुढे यातलं काय बिघडतं ते बघायला आपण तयार होऊन बसतो.

रेस्टॉरंटमध्ये संगीत नाही. पार्श्वसंगीत नाहीच, पण कोपऱ्यात रेडिओ किंवा ग्रामोफोनही वाजत नाही. जुन्या काळावरच्या चित्रपटात हे दुर्मिळ आहे. काळ दाखवायचा तर त्या वर्षीचं गाजलेलं गाणं कुठेतरी वाजू द्यायचं, ही सर्वांत स्वस्त युक्ती. या चित्रपटाला ती येत नाही असं मुळीच नाही. मायकल आणि त्याची मैत्रीण नाताळची खरेदी करून बाहेर पडतात तेव्हा नाताळचं गाणं बरोबर कानावर येतं. इथे मात्र ते टाळलंय. त्यामुळे उरतात बारीकसारीक आवाज. खुर्ची सरकल्याचा, काटा-चमच्यांचा, आणि वाइनच्या बाटलीचं बूच निघतं तेव्हाचा. ते बूच निघताना होणारा फट्ट आवाज जरुरीपेक्षा जास्त स्पष्ट ऐकू येतो. मॅक्लस्की जेवणाची चौकशी करतो, सोलोझो त्याला वासराचं मटण घ्यायला सुचवतो, शहरात याहून चांगलं मिळणार नाही म्हणतो. स्टर्लिंग हेडनने हा कॅप्टन असा केलाय की त्याचं सगळं लक्ष ताटात. टेबलावर काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही, आणि तसं ते त्याला कळतही नाही, कारण सोलोझो आता मायकलशी सिसिलियन बोलीत, म्हणजे विटोच्या मूळ भाषेत, बोलू लागतो.

या संवादाला सबटायटल नाहीत. मूळ अमेरिकन प्रेक्षकालाही ते शब्द समजणार नव्हते आणि कोपोलाने ते समजू द्यायचे नाहीत असंच ठरवलं. अर्थ काढून घेतला की उरतो तो सूर. सोलोझो समजूत घालतोय, अजिजी करतोय, मधूनच धमकीची धार येतेय, हे सगळं आवाजाच्या चढउतारातून कळतं. मायकल त्याच बोलीत उत्तर द्यायला जातो, अडखळतो आणि इंग्रजीवर येतो. त्याला वडिलांच्या जिवाची हमी हवीय. बापाच्या भाषेत त्याला बापाचा जीव मागता येत नाही. पटकथेने एवढं सांगितलं आणि पुढे सरकली, थांबून त्याचं कौतुक करत बसली नाही.

मग तो संडासात जायची परवानगी मागतो. मॅक्लस्की वैतागून म्हणतो की झडती मी घेतलीय, पोरगा साफ आहे. सोलोझो तरीही पुन्हा चाचपतो. मायकल आत जातो. जुनी, वर टाकी आणि खाली साखळी अशी ती जागा. तो टाकीमागे हात घालतो आणि पिस्तूल हाताला लागत नाही. त्या दोन-चार क्षणांत बाहेरून, वरून कुठूनतरी आगगाडी जाते. पहिल्यांदा ऐकताना आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. ब्राँक्स आहे, जवळपास रूळ असतील. चित्रणही ब्राँक्समधल्या एका खऱ्या रेस्टॉरंटात झालं होतं. आवाज आपल्या ओळखीचा करून घेण्याचं काम एवढ्यात उरकलं जातं. पुढे तो परत येणार आहे आणि तेव्हा आपण त्याला प्रश्न विचारणार नाही.

पिस्तूल सापडतं. तो बाहेर येण्याआधी दारात थबकतो, दोन्ही हात डोक्यावरून फिरवतो. आणि क्लेमेंझाची पहिलीच सूचना मोडतो. टेबलाशी येऊन खाली बसतो.

का बसतो? घाबरला म्हणून, असं पुष्कळांचं मत. अजून त्याचं ठरलेलं नाही म्हणून, असंही म्हणता येईल. मला दोन्ही पटतं, पण मला वाटतं तो बसला नसता तर आपण त्याच्या डोक्यात शिरलोच नसतो. तो बाहेर येऊन धाडधाड गोळ्या झाडता तर तो एक चांगला थरारक प्रसंग झाला असता, बस. त्याच्या बसण्याने वेळ मिळाला, आणि तो वेळ ध्वनीला दिला गेला. सोलोझो पुन्हा सिसिलियनमध्ये सुरू करतो. इतका वेळ जागचा न हललेला कॅमेरा अगदी सावकाश मायकलच्या चेहऱ्याकडे सरकू लागतो. सोलोझो चौकटीतून गळतो, त्याचा फक्त आवाज उरतो. आणि त्या आवाजाखालून आगगाडी येऊ लागते. आधी घरघर. मग ती वाढते. मग चाकांची किंचाळी सुरू होते, दातांच्या डॉक्टरकडच्या यंत्रासारखी, हिरड्यांतून थेट मेंदूत जाणारी. सोलोझोचे शब्द तिच्यात बुडत जातात. टेबलावरचं कुणीही मान वर करत नाही. पेले थरथरत नाहीत. खिडकीबाहेर काही दिसत नाही. खऱ्या जगात आगगाडी इतकी जवळून गेली असती तर बोलणारा माणूस थांबला असता. सोलोझो थांबत नाही. म्हणजे हा आवाज त्या खोलीत नाहीच.

हे काम वॉल्टर मर्चचं. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव 'पोस्ट प्रॉडक्शन कन्सल्टंट' असं येतं. 'साउंड डिझायनर' ही पदवी त्याच्या नावापुढे लागायला १९७९ चा 'अपोकॅलिप्स नाऊ' यावा लागला. इथे संगीत नसल्यामुळे त्या जागी काहीतरी हवं होतं आणि मर्चने आगगाडी आणली. ती किंचाळी म्हणजे मायकलच्या मनातली ओढाताण, हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. पण माझ्या मते कमाल याची नाही. मनातल्या खळबळीला बाहेरचा आवाज देणं ही कल्पना रेडिओ-नाटकाइतकी जुनी. कमाल आहे ती कारागिरीची. आवाज आधी संडासात वास्तवाचा भाग म्हणून पेरला, आणि मग त्याच आवाजाची पातळी वास्तवाच्या पलीकडे नेली. प्रेक्षकाला कुठली रेषा ओलांडली ते कळत नाही. त्याला फक्त आपल्या छातीत काहीतरी घट्ट होतंय एवढं कळतं.

आणखी एक गोष्ट, जी आता विसरली गेलीय. १९७२ साली हा चित्रपट मोनो ध्वनीत आला होता. पडद्यामागे एकाच ठिकाणाहून सगळं ऐकू येणार: सोलोझोचं बोलणं, काटे-चमचे आणि आगगाडी. आजच्या चित्रपटगृहात आवाज डाव्या भिंतीवरून उजव्या भिंतीकडे धावू शकतो, डोक्यावरून जाऊ शकतो. तसं केलं की आगगाडी खोलीबाहेर राहते, तिला जागा मिळते, ती खरी होते. मोनोमध्ये तिला जागाच नाही. ती सोलोझोच्या तोंडातूनच आल्यासारखी येते, त्याचे शब्द गिळत. जुन्या तंत्राची मर्यादा इथे दिग्दर्शकाच्या बाजूने उभी राहिली. चांगल्या हेडफोनवर हे दृश्य ऐकणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो, एकदा ते साध्या, एकाच स्पीकरच्या टीव्हीवर ऐका.

आता ही किंचाळी येते कुठून? आगगाडीची दोन्ही चाकं एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे ती सारख्याच वेगाने फिरतात. वळणावर बाहेरचा रूळ लांब पडतो, आतला आखूड. मग एका चाकाला थोडं घसरावं लागतं, पोलादावर पोलाद धरतं-सुटतं, धरतं-सुटतं, आणि ती कर्कश शीळ निघते. वळण जितकं तीव्र तितकी शीळ चिरकी. इथे मायकलसुद्धा एका वळणावर होता वगैरे लिहायची जोरदार इच्छा होतेय. ती दाबतो, कारण मर्चने ते रूपक न उलगडता ठेवलं म्हणूनच ते चाललं. मला हवंय ते इतकंच की हा आवाज अस्सल त्या शहराचा आणि त्या काळाचा आहे. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून लोखंडी खांबांवर चढवलेली रेल्वे धावायची. मॅनहॅटनमधल्या थर्ड अव्हेन्यूवरची ती रेल्वे १९५५ पर्यंत चालू होती, आणि ब्राँक्समध्ये तसे उंच लोखंडी मार्ग अजूनही आहेत. त्यांच्याखाली राहणाऱ्यांनी त्या आवाजाबरोबर संसार केले. हॅट आणि मोटार यांच्याइतकीच ही खडखडसुद्धा १९४६ ची आहे. फरक असा की तिच्या प्रेमात कुणी पडत नाही. जुन्या मोटारीचं चित्र लोक भिंतीवर लावतात; वळणावरच्या चाकाची किंचाळी कुणी जपून ठेवत नाही.

हे पारखायचा एक सोपा मार्ग आहे. आवाज पूर्ण बंद करून हे दृश्य बघावं. तीन माणसं जेवताहेत, एक उठून जातो, परत येतो, ऐकत बसतो आणि अचानक गोळ्या झाडतो. त्याने नेमकं कधी ठरवलं ते शोधूनही सापडत नाही, आणि मरण देखणं दिसतं. मग डोळे मिटून नुसतं ऐकावं. बूच, चमचे, न समजणारी बोली, साखळी, आगगाडी. या वेळी निर्णयाचा क्षण चुकत नाही. आणि या वेळी ते मुळीच देखणं नसतं.

पहिली गोळी सोलोझोच्या कपाळात. मागे रक्ताचा बारीक फवारा उडतो. मॅक्लस्कीचा काटा तोंडाशी अडकलेला, हे काय चाललंय असा चेहरा. त्याला गळ्यात गोळी लागते, मग कपाळात. त्याच्या घशातून निघतो तो आवाज मी वर्णन करणार नाही. तोही या दृश्याची साक्षच आहे. टेबल उलटतं. आगगाडी निघून गेलीय. खोलीत काही क्षण जे उरतं त्याला शांतता म्हणवत नाही, कान अजून सुन्न असतात, क्लेमेंझाच्या त्या धड्यात मायकलचे झाले होते तसे. मायकल उभा आहे, पिस्तूल हातातच आहे. टाक ना खाली, असं आपणच मनात म्हणतो, आणि तेव्हा लक्षात येतं की आपण कुणाच्या बाजूचे झालोय. तो दाराकडे चालू लागतो आणि शेवटी शेवटी ते टाकतो. आणि त्यानंतर, पहिल्यांदाच, निनो रोटाचं संगीत उसळतं.

दुसऱ्या काही चित्रपटांनी या चित्र-ध्वनीच्या भांडणातून आपापली वाट काढलीय. सॅम मेंडिसच्या 'रोड टू पर्डिशन'मध्ये (२००२), १९३१ सालच्या गोष्टीत, पावसाळी रात्री एका टोळीप्रमुखाची सगळी माणसं अंधारातल्या मशीनगनने टिपली जातात. पाऊस दिसतो, बंदुकीच्या तोंडचा जाळ दिसतो, माणसं कोसळताना दिसतात. पाऊस आणि गोळ्या, दोन्हींचा आवाज काढून टाकलाय, फक्त थॉमस न्यूमनचं संगीत आहे. छायालेखक कॉनराड हॉल, विलिसचं बारसं करणारा तोच. या कामासाठी त्याला ऑस्कर मिळालं ते मरणोत्तर. दृश्य विलक्षण सुंदर आहे आणि माझा आक्षेप हाच आहे. साक्षीदाराला कोर्टाबाहेर काढून खटला चालवलाय. कोएन बंधूंच्या 'मिलर्स क्रॉसिंग'मध्ये (१९९०) म्हाताऱ्या टोळीवाल्यावर घरात हल्ला होतो तेव्हा त्याच्या ग्रामोफोनवर लागलेलं गोड आयरिश गाणं सगळ्या गोळीबारावर पसरतं. तिथे निदान थट्टा उघड आहे. सर्जिओ लिओनीच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका'त (१९८४) एक टेलिफोन वाजत राहतो, प्रसंग बदलतो, जागा बदलते, तरी वाजतच राहतो, आणि मित्रांशी केलेल्या दगलबाजीचा हिशेब तेवढ्या एका घंटीत पूर्ण होतो. मर्चच्या आगगाडीची खरी भावकी ही घंटी आहे. दोन्ही आवाज कानाला नकोसे आहेत, आणि दोन्ही ठिकाणी आवाज माणसाबद्दल जे सांगतो ते चेहरा सांगत नाही.

आता रोटाच्या संगीताबद्दल माझी तक्रार. मर्चचा या बाबतीतला विचार असा की संगीताने भावना तयार करू नये. आधीच तयार झालेल्या भावनेला वाट करून द्यावी. म्हणून पिस्तूल पडल्यावरच ते आलं. तर्क बिनतोड आहे आणि परिणामही जबरदस्त आहे. पण वाट करून दिली ती कुठे? ऑपेरात. घराण्याच्या नियतीत, भव्यतेत. मिनिटभरापूर्वी एक मुलगा लोखंडाच्या किंकाळीत दोन माणसं मारत होता, आणि आता तो शोकांतिकेचा नायक झाला. लगेच पुढे वर्तमानपत्रांचे मथळे, जमिनीवर गाद्या टाकून दडून बसलेली टोळीची माणसं, त्यांच्यातला एक जण पियानो वाजवतोय. त्या पिवळ्या रंगाने हरलेला डाव संगीताच्या मदतीने परत जिंकला.

मी असतो तर मायकल मोटारीत बसून दार लागेपर्यंत रोटाला थांबवलं असतं. निदान तेवढा वेळ आपल्याला त्या खोलीत, त्या सुन्न कानांनिशी बसू दिलं असतं. पण मग पुढचा दीड तास मायकलच्या बाजूने बसून कोण बघणार होतं?